जुन्या वास्तूत कार्यक्रम घ्यायचाय? सोलापूरकरांसाठी पहिल्यापासूनचं गाईड

हल्ली मला बरेच जण विचारतात की पुस्तक प्रकाशन एखाद्या वाड्यात करता येईल का, किल्ल्यात गाण्याची मैफल होईल का, मुलीचा साखरपुडा राजवाड्यात घेतला तर कुणाला विचारायचं. प्रश्न ऐकूनच बरं वाटतं. आपल्या गावात दगडाच्या, चुन्याच्या, सागवानी खांबांच्या एवढ्या देखण्या जागा असताना सगळे कार्यक्रम त्याच त्या एसी हॉलमध्ये का व्हावेत? पण बहुतेक जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात. आधी पाचशे माणसं, डीजे, स्टेज, बुफे असं सगळं डोक्यात पक्कं करतात आणि मग त्याला बसणारी जुनी जागा शोधत फिरतात. तसं होत नाही. आधी जागा बघायची, तिला काय झेपतं ते समजून घ्यायचं आणि तेवढाच कार्यक्रम करायचा. पुढचं सगळं याच हिशोबानं लिहितोय, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, क्रमानं.

पायरी 1: जागा कुणाची आहे ते शोधा

वास्तू जुनी आहे एवढं कळून उपयोग नाही, तिच्यावर हक्क कुणाचा आणि कायदा कुठला ते कळलं पाहिजे, कारण सगळ्या परवानग्या त्यावरच ठरतात.

भुईकोट किल्ल्यापासून सुरू करू. किल्ला बहामनी काळातला, दुहेरी तटबंदीचा, सिद्धेश्वर तलावाला लागून. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे म्हणजे एएसआयकडे संरक्षित आहे. गेटजवळचा खात्याचा फलक बघितला की लगेच कळतं. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याखालचे 1959 चे नियम इथं लागू होतात. त्या नियमांत सरळ लिहिलंय की संरक्षित स्मारकात सभा, स्वागत समारंभ, पार्टी, परिषद, करमणुकीचा कार्यक्रम यातलं काहीही केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. पूर्वापार चालत आलेली धार्मिक प्रथा असेल तर तेवढी सूट आहे. आत स्वयंपाक करता येत नाही, आणि खाणंपिणंसुद्धा परवानगी दिलेल्या जागेतच. त्यामुळे किल्ल्यात साखरपुडा, वाढदिवस वगैरे डोक्यातून काढून टाका. सांस्कृतिक कार्यक्रम, तोही सार्वजनिक आणि नीट आखलेला असेल, तर अर्ज करून बघायला हरकत नाही, पण वेळ हाताशी ठेवा.

2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर हा प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर हा नियंत्रित भाग झालाय. हे मुख्यतः बांधकामासाठी आहे, पण तुम्ही किल्ल्याच्या जवळ मोठा मंडप, लोखंडी ट्रस, खड्डे खणून खांब असं काही करणार असाल तर 'हे तर टेम्पररी आहे' असा वाद घालत बसू नका, खात्याला पत्र देऊन लेखी उत्तर घ्या.

इंद्रभुवन. आप्पासाहेब वारदांनी उभारलेली ही इमारत म्हणजे माझ्या मते शहरातली सगळ्यात सुंदर वास्तू. ती कोरीव सजावट, ते पुतळे, त्या कमानी, रस्त्यावरून जाताना एकदा तरी गाडी बाजूला घेऊन बघाच. पण ते महापालिकेचं मुख्यालय आहे, रोजचं काम तिथं चालतं. खासगी समारंभाचा विचार नको. काही सार्वजनिक, शहराशी संबंधित करायचं असेल, जसं वारसा फेरी किंवा जुन्या फोटोंचं प्रदर्शन, तर आयुक्तांच्या नावे पत्र द्या आणि सुट्टीचा दिवस मागा.

गावाबाहेर बघायचं तर नळदुर्ग. हैदराबाद रोडला पन्नासेक किलोमीटर, जिल्हा मात्र धाराशिव, म्हणजे पोलीस, महसूल सगळं तिकडचं. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल आणि पावसाळ्यात वाहणारे नर-मादी धबधबे यामुळे गर्दी असतेच. हे राज्य संरक्षित स्मारक, म्हणून इथं राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, एएसआय नाही. या दोन खात्यांची गल्लत खूप जण करतात आणि महिना-महिना चुकीच्या ऑफिसात फाईल पडून राहते.

अक्कलकोटचा राजवाडा चाळीसेक किलोमीटरवर, तिथला शस्त्रसंग्रह प्रसिद्ध आहे. राजघराण्याशी संबंधित जागा असली की बोलणी थेट त्यांच्या कार्यालयाशी करायची, कुठल्या मध्यस्थाच्या शब्दावर ॲडव्हान्स द्यायचा नाही.

हत्तरसंग कुडलचं म्हणाल तर भीमा-सीनेच्या संगमावरचं हरिहरेश्वर मंदिर, 359 मुखांचं शिवलिंग, आणि शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख. मराठी भाषा दिनाला तिथं छोटं अभिवाचन किंवा अभ्यास सहल व्हावी असं मला मनापासून वाटतं, पण स्पीकर, मंडप, जेवणावळ नको. माणसं जावीत, शिलालेख बघावा, चार जाणकारांनी बोलावं, बस.

राहिले खासगी वाडे आणि गिरण्यांच्या शेड. वाड्यांत नवख्यांना सगळ्यात जास्त वाव आहे, पण एका वाड्याला सहा-सात वारस असतात आणि तुमच्याशी गोड बोलणारा एकच असतो. सगळ्यांची लेखी संमती घ्या, नाहीतर ऐन कार्यक्रमाच्या दिवशी पुण्याहून चुलतभाऊ येऊन दाराला कुलूप लावतो. गिरण्यांचं म्हणाल तर 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या गावाचा सगळा इतिहास त्या भोंग्यांवर चाललेला, त्यामुळे चिमणी आणि पडक्या शेड बघून कुणालाही मोह होतो. पण जागेच्या मालकीचे वाद आणि मोडकळीला आलेली छतं, दोन्ही धोक्याचे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय तिथं माणसं जमवू नका.

पायरी 2: तारीख

सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये दगडी अंगण दिवसभर तापतं आणि रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहतं, त्यामुळे 'संध्याकाळी ठेवलाय ना कार्यक्रम' म्हणून काही फरक पडत नाही. वर वळवाचा पाऊस आणि वावटळ. सप्टेंबर आपल्याकडं भरपूर पावसाचा. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेच खरे दिवस.

पण जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, नंदीध्वजांच्या मिरवणुका, होम मैदानावर महिनाभर स्टॉल आणि पाळणे. किल्ला, तलाव, मंदिर, होम मैदान सगळं एकमेकाला चिकटून, त्यामुळे त्या दिवसांत त्या भागात दुसरा कार्यक्रम घेणं म्हणजे पाहुण्यांचे हाल, आणि पोलीसही परवानगी देणार नाहीत, द्यायलाही नको. तसंच 12 जानेवारी. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली. त्या दिवशी त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम घ्या, संगीत पार्टी नको. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती विसर्जन या मिरवणुकांचे रस्ते आधी बघा, आषाढीला पंढरपूरकडचा ट्रॅफिक धरा.

पायरी 3: जागेवर जाऊन बसा

रेकी म्हणजे नुसते फोटो काढून येणं नाही. ज्या वेळेला कार्यक्रम आहे त्याच वेळेला जायचं, तासभर बसायचं. सोबत टेप, वही, टॉर्च आणि जमलं तर साऊंडवाला.

बघायचं काय? पहिलं, दार किती रुंद. पेठेतल्या वाड्यांचा दिंडी दरवाजा असा असतो की माणूस वाकून आत जातो, मग तुमचा सोफा, मोठा स्पीकर आत कसा नेणार? दुसरं, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का. एकच दार असेल तर माझा नियम पक्का आहे, पन्नासच्या वर माणसं नाहीत. तिसरं, माळ्यावर, सज्जावर किती माणसं चढू शकतात. वरून सागवानी आणि भक्कम दिसतं पण तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला वाळवी लागलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही. सज्जा सरळ बंद ठेवायचा, दोरी बांधायची, एक पोरगा उभा करायचा. फोटोसाठी सगळ्यात आधी लोक तिथंच पळतात.

चौथं, माणसं किती मावतात, याचा अंदाज डोळ्यानं घेऊ नका, हिशोब करा. समजा अंगण 40 फूट बाय 30 फूट, म्हणजे 1200 चौरस फूट. स्टेज, साऊंडवाल्याची जागा आणि जायला-यायला वाट यात 400 गेले. उरले 800. एका खुर्चीला पाय मोकळे ठेवून 8 ते 10 चौरस फूट धरा, म्हणजे ऐंशी ते शंभर माणसं. संपलं. तिथं अडीचशे कार्ड वाटली की भांडणंच होणार. त्यापेक्षा एकच कार्यक्रम दोन दिवस ठेवा, मला तर ते जास्त आवडतं, पहिल्या दिवशी ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला पाठवतो.

पाचवं, वर बघा. खरंच, मान वर करून नीट बघा. किल्ल्यांच्या कमानीखाली, उंच दरवाज्यांच्या कपारीत, मोठ्या झाडांना आग्या मोहोळ असतं. धूर, मोठा आवाज, ड्रोन, फटाका, यातल्या कशानंही माश्या उठल्या की शे-दोनशे माणसांना पळायला जागा नसते. मोहोळ दिसलं तर त्या बाजूला कार्यक्रम नको, आणि कुणी 'रात्री जाळून टाकू' म्हणालं तर साफ नाही म्हणा, जीवही जातो आणि वास्तूही काळी होते. वटवाघळं असतील त्या खोलीत लाईट मारायचे नाहीत, ती खोली बंदच ठेवायची.

सहावं म्हणजे पाणी आणि संडास. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही हे पाहुण्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. टँकर आधी सांगून ठेवा. जुन्या वास्तूतल्या दोन संडासांवर शंभर माणसं सोडू नका, मोबाईल टॉयलेट बाहेर गल्लीत किंवा मोकळ्या प्लॉटवर लावा. ज्येष्ठ लोकांसाठी उंच दगडी पायऱ्यांवर सुटा लाकडी उतार ठेवा, आणि ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत येते ते गाडी घेऊन प्रत्यक्ष बघा.

पायरी 4: कागद

फाईल एकच करा, सगळ्याची झेरॉक्स त्यात. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येता, गावाबाहेर गेलात तर ग्रामीण पोलीस. सुरुवात आपल्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनातून, मग ते ज्या शाखेकडं पाठवतील तिकडं.

मालकाचं किंवा खात्याचं संमतीपत्र आधी, कारण त्याशिवाय पुढचं कुणी हातात घेत नाही. मग पोलिसांची कार्यक्रमाची आणि लाऊडस्पीकरची परवानगी, रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखा, अग्निशमन दलाची एनओसी, वीज तात्पुरती घेणार असाल तर महावितरण. तिकीट लावलेलं नाटक किंवा प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आणि प्रयोगाचा परवाना बघा. केटररकडं एफएसएसएआयचं म्हणजे अन्नसुरक्षेचं लायसन्स आहे का ते नुसतं विचारू नका, कॉपी घ्या. रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर लग्नाच्या समारंभाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तिकिटाच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमाला ती नाही, तिथं संगीताचं लायसन्स लागतं.

आवाजाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षातले ठरावीक जाहीर केलेले सणाचे दिवस सोडून, आणि तेव्हाही रात्री 12 पर्यंतच. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तसं जाहीर झालंय का ते विचारा. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आपल्या पेठांमधले वाडे म्हणजे भिंतीला भिंत लागून घरं, तेव्हा साडेनऊला संपेल असाच कार्यक्रम आखा.

ड्रोनचं वेगळं सांगतो. होटगी रोडचं विमानतळ शहराला चिकटून आहे, त्यामुळे 'दोन मिनिटं उडवतो' असं म्हणणाऱ्या फोटोग्राफरला आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाईटच्या नकाशावर झोन (कुठं उडवता येतं, कुठं नाही) दाखवायला सांगा, आणि संरक्षित स्मारकावर उडवायचं तर खात्याची परवानगी वेगळी.

एएसआय किंवा राज्य पुरातत्त्वकडं अर्ज करताना पत्र मोघम नको. 'सांस्कृतिक कार्यक्रम घेऊ इच्छितो' एवढ्यानं काही होत नाही. किती माणसं, किती वाजता येणार, किती वाजता जागा रिकामी, स्टेजचं माप, वजन, खड्डा खणणार नाही, खिळा मारणार नाही, आत स्वयंपाक नाही, जनरेटर कुठं, कचरा कोण नेणार, हे सगळं नकाशा काढून जोडायचं. अधिकाऱ्याला नाही म्हणायला कारणच राहू नये असं पत्र लिहायचं. किमान तीन महिने आधी द्या, आणि निमंत्रण पत्रिका परवानगी हातात आल्यावरच छापा.

पायरी 5: दगडाला काय चालत नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथं जरा थांबतो.

एका वाड्याच्या मालकीणबाई, वय ऐंशीच्या पुढं, जागा द्यायच्या आधी आम्हाला समोर बसवून म्हणाल्या, "बाळांनो, खिळा ठोकायचा नाही आणि तेल सांडायचं नाही. बाकी घर तुमचंच समजा." मी म्हटलं, "आजी, खिळा एकपण नाही, शब्द आहे." त्यांचे हे दोन नियम इतके बरोबर आहेत की मी आता प्रत्येक डेकोरेटरला हेच आधी सांगतो.

खिळा का नाही? जुनं बांधकाम चुन्यात आहे. चुना सिमेंटसारखा कडक नसतो, तो मऊ असतो, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, म्हणून भिंत शे-दोनशे वर्षं टिकली. खिळा किंवा ड्रिल घातलं की तिथला गिलावा आतून सुटतो, पुढच्या पावसात पाणी शिरतं आणि वर्षभरात हातभर पोपडा खाली येतो. तुमचा कार्यक्रम चार तासांचा, जखम कायमची. म्हणून सगळं सुट्ट्या पायावर उभं करायचं, लोखंडी बेसवर वाळूची पोती किंवा पाण्यानं भरलेले ड्रम ठेवून. खाली रबर किंवा जाड चटई. खांबाला काही बांधायचंच असेल तर नक्षी नसलेल्या भागात, आधी जाड कापड गुंडाळून, सुती दोरीनं. चिकटपट्टी नाही, नक्षीवर तर अजिबात नाही, काढताना रंग आणि चुना दोन्ही घेऊन येते.

तेल का नाही? शहाबादी फरशी आणि जुना दगड तेल पिऊन टाकतात. वडे तळताना कढईतून उडालेले थेंब सकाळी काळे डाग होऊन बसतात आणि मग कुणीतरी ॲसिड घेऊन येतं. ॲसिड कधीच नाही. चुना आणि शहाबादी दोन्ही ॲसिडनं विरघळतात, डाग जातो आणि फरशीही जाते. हळदीचा कार्यक्रम, रंग, गुलाल, मेणबत्त्या, कापूर, कागदी रंगीत तुकडे उडवणं, हे सगळं याच यादीत. हळद करायचीच असेल तर अंगणात आधी ताडपत्री, त्यावर सतरंजी, त्यावर पाट. ताडपत्री रात्रीच उचलायची, कारण खाली ओल अडकून राहते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कार्यक्रमाच्या निमित्तानं मालक उत्साहानं वाड्याला ऑइलपेंट मारायला किंवा भेगा सिमेंटनं बुजवायला निघतात. त्यांना थांबवा. सिमेंट आणि ऑइलपेंटनं ओल आतच कोंडते आणि दगडाची पापुद्री निघायला लागते. झाडून, मऊ ब्रशनं धूळ काढून, चुन्याची सफेदी केली तरी वाडा उजळून निघतो.

पायरी 6: लाईट, वीज, आवाज

लाईट एलईडी, पिवळसर, आणि खालून भिंतीवर सोडलेला. हॅलोजन गरम होतो, लाकडाजवळ धोका. लाल-निळे-हिरवे फिरणारे दिवे लावले की दगडाचा पोत मरतो, कमानीची सावलीच दिसत नाही. चार-पाच पिवळे दिवे बरोबर कोनात ठेवा, मग डेकोरेशनवर खर्च करायची गरजच पडत नाही.

वाड्याच्या जुन्या वायरिंगवर काहीही जोडू नका, मोबाईलचा चार्जरसुद्धा नको. साऊंड, लाईट, पंखे मिळून समजा 10 किलोवॅट भार, तर 0.8 नं (पॉवर फॅक्टर) भागून साडेबारा केव्हीए येतं, जनरेटरची क्षमता याच केव्हीएत मोजतात, म्हणजे 15 केव्हीएचा सायलेंट जनरेटर घ्या, बाहेर रस्त्यावर ठेवा, धूर आत येणार नाही अशा दिशेनं. सगळी वीज 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतूनच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आत. केबल पायात नको, उंबऱ्यावर रबरी पट्टीखालून घ्या. अर्थिंगचा रॉड अंगणात ठोकायचा नाही, जनरेटरजवळच.

आवाजाचं गणित जुन्या जागेत वेगळं असतं. दगडी अंगणात मोठे दोन स्पीकर लावले की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि वक्ता काय बोलतो ते मागच्याला कळत नाही. त्यापेक्षा छोटे चार-सहा स्पीकर लांब-लांब, कमी आवाजात. सबवूफर नकोच, त्याच्या हादऱ्यानं सैल झालेला गिलावा पडतो. आणि घुमणं कमी करायला आपल्याकडं घरचा उपाय आहे, सोलापुरी चादर. जाड सुती जकार्डची चादर सुट्ट्या स्टँडवर भिंतीपासून वीतभर पुढं टांगली की घुमणं बरंच कमी होतं आणि फ्लेक्सच्या बॅकड्रॉपपेक्षा शंभर पटीनं सुंदर दिसतं. मयूरपंखी नक्षीवर पिवळा दिवा पडला की लोक उठून जवळ येऊन हात लावून बघतात. कार्यक्रम संपला की त्याच चादरी पाहुण्यांना भेट द्या, शाल-श्रीफळाच्या जागी.

भजन, सतार, कवितावाचन, ओव्या, वग नसलेली शाहिरी, असे कार्यक्रम तर शंभर माणसांत विना माईक होतात. एकदा ऐकून बघा.

पायरी 7: जेवण

स्वयंपाक बाहेर, वाढप आत, तेही कोरडं. सुदैवानं आपलं जेवणच तसं आहे. कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे-दही, शेंगापोळी, हंगामात हुरडा. कडक भाकरी आदल्या दिवशी करून ठेवली तरी चालते, सांडत नाही, डाग पडत नाही, आणि बाहेरगावचा पाहुणा तीच आठवण घेऊन जातो. रस्सा हवाच असेल तर तो वास्तूच्या बाहेर, शेजारच्या मोकळ्या जागेत मांडव घालून. चहाचं टेबल दारापाशी ठेवू नका, गर्दी तिथंच अडते.

पायरी 8: शेजारी आणि भाषा

हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी जा, निमंत्रण द्या, किती वाजता संपणार ते सांगा, एक नंबर द्या. ज्यांच्या दारासमोर गाड्या लागणार आहेत त्यांना पहिल्या रांगेत बसवा. पूर्व भागात असाल तर सूचना तेलुगूतही करा, बाकी ठिकाणी कन्नड आणि हिंदीतही दोन वाक्यं. आपल्या गावात एका अंगणात चार भाषा बसलेल्या असतात, आणि आपल्या भाषेत 'या, बसा' ऐकलं की माणूस कार्यक्रम आपला मानतो.

सुरुवातीला दहा मिनिटं त्या वास्तूबद्दल बोला. कुणी बांधली, दगड कुठला, इथं काय काय घडलं. पण जे कागदावर आहे तेवढंच, ऐकीव भुयाराच्या गोष्टी नकोत. मालकाच्या घरातलं कुणी बोललं तर सगळ्यात उत्तम.

पायरी 9: पाऊस आला तर

उघड्या अंगणातला प्रत्येक कार्यक्रम कागदावर दोन ठिकाणी हवा. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा निर्मलकुमार फडकुले सभागृहासारखा एखादा हॉल त्या तारखेला मोकळा आहे का ते आधीच विचारा, जवळचं मंगल कार्यालयही चालेल. कधी हलवायचं हा निर्णय एकाच माणसानं, दुपारी तीनपर्यंत घ्यायचा. ओल्या शहाबादीवर वयस्कर माणूस घसरला की सगळ्या हौसेवर पाणी पडतं.

बजेटमध्ये नवखे लोक विसरतात ते खर्च एवढे: अनामत, कार्यक्रमानंतरची सफाई, रात्रीचा वॉचमन, टँकर, मोबाईल टॉयलेट, विमा. आणि एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के बाजूला.

पायरी 10: आधीचे फोटो, नंतरचे फोटो

सामान आत यायच्या आधी मालकाला किंवा खात्याच्या माणसाला सोबत घेऊन प्रत्येक भिंत, खांब, फरशी, दरवाजाचे फोटो काढा, आधीपासूनच्या भेगाही. तारीख-वेळ दिसली पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर रात्री कितीही दमलेले असलात तरी जड सामान ओढत नेऊ देऊ नका, उचलूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात परत या, त्याच जागांवरून तेच फोटो काढा, दोघांची सही घ्या, अनामत मागा. फुलं, पत्रावळ्या, सुतळीचे तुकडे, झिप टाय, सगळं हातानं वेचा. खांबाच्या मागं आणि कोनाड्यात नक्की बघा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथंच सापडतात.

मग खात्याला किंवा मालकाला एक पानाचं पत्र, फोटो जोडून, की जागा जशी दिली तशी परत केली. या पत्राची पोच आणि परवानगीची सगळी फाईल जपून ठेवा, आणि तुमच्यानंतर कुणी त्याच जागेसाठी विचारायला आलं तर त्याला ती झेरॉक्स काढून द्या.